आटे

तुरातबेकची कॅमरी पाणी पिते
आणि ते कुठे जातं याचा पत्ता लागू देत नाही.
खाली थेंब नाही, मागे धूर नाही,
तरी बिश्केकला पोचेपर्यंत दोनदा बॉनेट उघडायचं.
एसेनकुल मामा म्हणाला, पाणी आटतंय ना,
मग आटे बघ.

हेड उतरवण्यात दुपार गेली.
दहा बोल्ट.
सात किंचाळत सुटले, मनाविरुद्ध.
मागच्या बाजूचे तीन बोटांनीच निघाले
आणि त्यांच्या अंगाला गुंडाळून आला
ब्लॉकचा चंदेरी कीस,
स्प्रिंगसारखा, अख्खाच्या अख्खा.
तळहातावर घेतला.
वजनच नव्हतं.

हे कसं होतं ते मला ठाऊक आहे.
पाना फिरवताना हात वाट बघत असतो
जड होण्याची,
आणि एका वळणावर
जड व्हायच्या ऐवजी ते हलकं होतं.
आवाज येत नाही.
शेजारी उभ्या माणसाला दिसत नाही.
फक्त मनगटाला कळतं.

आई मॉस्कोत हॉटेलच्या चादरी धुते.
पहिल्या वर्षी आम्ही फोनवर कडाकडा भांडायचो.
आता, जेवलीस? जेवले. थंडी? आहे.
बोलणं अलगद फिरतं,
फिरतच राहतं.

तुरातबेक म्हणाला, तीन भोकांपुरतेच पैसे आहेत.
बाकीचे तर घट्ट होते ना?
मामानं उत्तर दिलं नाही.
चौथ्या भोकात जुना बोल्ट लावला,
पाना मालकाच्याच हातात दिला.
फिरव.
बाहेर बोआमच्या घाटातून वारा सुटला होता,
बालिकचीतले सगळे पत्रे एकदम बोलत होते.
तुरातबेकचा चेहरा उतरला
तेव्हा आम्ही दोघं मुद्दाम खिडकीकडे बघत राहिलो.
ठरलं. दहाच्या दहा.
उरलेले पैसे जुलैत,
तळ्यावर पोहणारे आले की.

मामाचा उजवा हात हल्ली थरथरतो.
त्यानं दिवा धरला, ड्रिल माझ्याकडे दिलं.
वाकडं गेलं तर ब्लॉक भंगारात, म्हणाला,
आणि मग म्हणाला, आयझिरेक, श्वास घे.

भोक आधी मोठं करायचं.
हे मला अजून पटत नाही,
जे धरत नाही ते आणखी पोखरायचं.
मग टॅप. अर्धा फेरा पुढे, पाव मागे,
केरोसीनचा थेंब, परत अर्धा.
हवा मारली की कीस उडून केसांत बसतो.
मग पोलादाची नळी,
बाहेरून आटे, आतून आटे,
लाल गोंद लावून उतरवायची
पृष्ठभागाच्या केसभर खाली.
नख फिरवून बघायचं.
नवव्या नळीला नख अडलं.
काढली, पुसली, पुन्हा.
शिव्या मामानं दिल्या, माझ्या वतीनं.

रात्रभर गोंद सुकला.
सकाळी नवं गॅस्केट, हेड, नवे बोल्ट,
मधून बाहेर, ठरलेल्या क्रमानं.
खूण करायला पांढरा रंग सापडेना
म्हणून आईनं टाकून गेलेली नेलपॉलिशची बाटली आणली,
डाळिंबी, अर्धी वाळलेली.
दहा डोक्यांवर दहा ठिपके,
सगळे तळ्याकडे तोंड करून.
आता प्रत्येकाला नव्वद अंश,
तळ्याकडून डोंगराकडे,
आणि मध्ये थांबायचं नाही.

पहिला गेला. दुसरा.
मागच्या बाजूचे तीन शेवटी येतात.
तिथे पाना बसत नाही, कोपर भिंतीला घासतं.
आठव्याला माझा घसा कोरडा पडला.
नवव्याला मामानं दिवा खाली ठेवला,
बघायचंच नव्हतं त्याला.

दहाव्याच्या निम्म्यावर फोन वाजला.
बाकावर, चहाच्या पेल्याजवळ, थरथरत सरकत.
ही तिची वेळ नाही.
ती कामावर असताना कधी फोन करत नाही.
घेऊ का, मामानं विचारलं.
थांब, मी म्हटलं,
ठिपका अजून डोंगराला लागला नव्हता
आणि माझ्या हाताखाली
ते जड होत होतं,
जड,
आणखी जड.