उबदार म्हणजे किती

शिरोलीच्या फौंड्रीत मी एकतीस वर्षं साचे भरले.
वाळू मुठीत दाबायची, मूठ उघडायची,
बोटांचे ठसे राहिले की ओल बरोबर.
ओल मोजायचं यंत्र होतं.
त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं.

मे महिन्यात अस्मा सुट्टीला आली.
रात्री दीडला मला स्कूटरवर घालून पन्हाळ्यावर नेलं,
माझ्या कानाला मफलर, वर तिची बडबड.
तटाशी उभं राहून दक्षिणेला बोट केलं :
ती धनु रास. तिथं आपल्या आकाशगंगेचा मध्य.
तिथला उजेड सव्वीस हजार वर्षं चालत येतोय.

मला दिसला एक मळकट पट्टा,
भट्टी उतरवल्यावर छताखाली राहतो तसा.

तिथली धूळ उबदार आहे, म्हणाली.
किती?
उणे दोनशे चाळीस.

मी हसलो. खोकला येईपर्यंत हसलो.
चौदाशे अंशाचा रस ओतलाय या हातांनी,
आणि हे उबदार!
अब्बा, बाकीचं आभाळ त्याहून गार आहे.
आणि वायू धुळीपेक्षा जास्त तापलेला,
एकाच ढगात राहून दोघांचं जुळत नाही.
घरोघरी तेच, मी म्हणालो.

मग सांगत बसली :
ढगावर ढग येऊन आदळतो,
धक्क्यानं धुळीचे कण फुटतात,
आतलं सिलिकॉन सुटतं, प्राणवायूला धरून फिरतं
आणि ठरलेल्या एकाच लहरीवर बोलतं.
ती लहर सापडली की ओळखायचं,
इथं काहीतरी फुटलंय.

म्हणजे आपली वाळूच की.
तीच, अब्बा.

थंड झालेला साचा हलत्या जाळीवर आपटायचा,
वाळू सुटायची, उन्हाच्या तिरिपेत तरंगत राहायची,
चहाच्या कपात उतरायची.
बंडा कुंभार, ईश्वरा चौगले, मी,
तिघंही फुंकर मारून प्यायचो.
ईश्वरा गेला मार्चमध्ये.
सीपीआरच्या डॉक्टरनं माझ्या फोटोवर
पेन टेकवत टेकवत ठिपके दाखवले.
त्यांना चांदण्या म्हणायला माझी जीभ वळत नाही.
अस्माला हे सांगितलेलं नाही.

एवढ्या लांबचं ऐकता कसं, मी विचारलं.
गप्प बसून, म्हणाली. दोन रात्री, कधी पाच.

उतरताना वाघबीळच्या वळणावर
मला उबळ आली.
तिनं स्कूटर कडेला घेतली,
इंजिन बंद केलं, दिवाही.
पाठीवर हात ठेवला नाही, काही विचारलं नाही.
मान जरा तिरकी करून
ऐकत राहिली.