ढील

येवल्यात आमच्या घरी दोऱ्याची कामं दोनच,
माग आणि संक्रांत.
एरवी बाबा पैठणीच्या काठावर वाकलेले,
भोगी ते कर, तीन दिवस तेवढी मान वर,
आसारी मांडीवर.
नवव्या वर्षी त्यांनी दोरा माझ्या हातात दिला
आणि म्हणाले, ओढलास तर तुझा,
सोडलास तर वाऱ्याचा.

याच वाक्यापायी मी पुढे बुडता बुडता राहिले.

डिप्लोमाला नाशिकला आले.
गंगापूर धरणावर जूनमधल्या एका दुपारी
एक माणूस पतंगाला लटकून
पाण्यावरून सरळ धावत गेला.
स्कूटी स्टँडवर लावायचंही सुचलं नाही. पडली ती.
तिचा आरसा अजून तडकलेलाच आहे.

सेल्वम. गाव रामेश्वरम,
इथे सातपूरच्या कारखान्यात पंप बसवायला आलेला.
"पहले छोडना सीखो," म्हणाला,
आणि पंधरा दिवस पाण्याला पाय लावू दिला नाही.
काठाच्या गवतात, डोळ्यांवर माझीच ओढणी बांधून:
लाल मूठ शोध. ढकल. पतंग मरू दे.
पुन्हा.
मला आतून संताप यायचा.
येवल्याच्या पोरीला सांगतो, पतंग मरू दे!

ऑगस्टात एकदा तो सुट्टीवर गेला.
सोमा बेंडकोळी ट्यूबवर बसून जाळं काढत होते.
"आंजनेरी दिसंना झाली, पोरी. आज नको."
वारा मोजायचं यंत्र सतरा म्हणत होतं.
मी यंत्राचं ऐकलं.

झोत आला तेव्हा हातांनी तेच केलं
जे गच्चीवर करतात.
बार छातीशी ओढला, दोन्ही हातांनी, जीव खाऊन.
पतंगाला नेमकं तेच हवं होतं.
पाणी पायांखालून निघून गेलं.
बाभळींचे शेंडे मी पहिल्यांदाच वरून पाहिले,
एकावर बगळ्याचं रिकामं घरटं होतं,
आणि ते माझ्याकडेच येत होतं.
मूठ मी शोधली नाही. हाताने शोधली,
गवतातल्या त्या आंधळ्या हाताने.

बेंडकोळींनी ट्यूबला धरायला लावून काठाला आणलं.
ओरडले नाहीत. जाळं पिळत म्हणाले,
"जेवली का सकाळी?"

घरी सांगितलं नव्हतं. बाबांना कुठून कळलं कोण जाणे.
पुढच्या रविवारी पहिल्या एसटीने आले
आणि धरणाच्या काठावर सतरंजी टाकून बसले.
चारही दोऱ्या, चोवीस-चोवीस मीटर,
अंगठा आणि तर्जनीतून सरकवत, डोळे मिटून.
एका जागी थांबले.
"इथे एक तार गेलीय."
मला दिसली नाही. सेल्वमला भिंगातूनही नाही.
दोरी बदलली.
तेव्हापासून दर शर्यतीआधी त्या येवल्याला जातात,
मागाशेजारच्या खुंटीवर एक रात्र राहतात.

तुतिकोरीनला दोन फेऱ्यांनंतर मी दुसरी होते.
तिसरीच्या वेळी समुद्राचा रंग बदलला.
झेंडा हिरवाच होता, बाकीच्या उतरल्या,
सगळ्या सुखरूप परतल्याही.
मी वाळूवर गुडघे टेकून
पतंगातली हवा सोडत बसले होते.
सातवा नंबर.
भित्री म्हणालं कुणीतरी, मराठीत,
मला कळणार नाही असं वाटून.

बाबांचा फोन. नंबर विचारला नाही.
"दोऱ्या गोड्या पाण्याने धुतल्यास ना?"

या संक्रांतीला गच्चीवर होते.
आतेभाऊ मफलर काढत नाही आता,
मानेवर नायलॉनच्या मांजाची पांढरी रेघ आहे.
माझा पतंग पेठेच्या वर गेला, ताणला,
शेजारून पेच आला,
आणि मी ढील देत राहिले, देत राहिले,
आसारी हातात गरगरत,
तरीही कटला.
वकाट! ओरडली सगळी आळी.
दोरा कौलांवर, तारांवर, कुणाच्या तरी पापडांवर
सैल उतरत गेला.
बाबा कठड्याला टेकून बघत होते. म्हणाले,
"हळू गुंडाळ. गाठ नको पडायला."