दहाव्याच्या आत

ओंकारेश्वराकडे उतरणाऱ्या गल्लीत माझं दुकान.
पाटीवर नुसतं ‘पोर्ट्रेट’.
कुणाचं, ते लिहावं लागत नाही.
लोक चौथ्या-पाचव्या दिवशी येतात,
रबर लावलेली प्लास्टिकची पिशवी, आत
मतदार ओळखपत्र,
पेन्शनच्या पुस्तकातला गालावर शिक्का बसलेला चेहरा,
नाहीतर कुणाच्या मुंजीतला, तोंडात घास असलेला.
‘दहाव्याच्या आत मिळेल ना?’

मी हो म्हणतो.
तैलरंग दहा दिवसांत वाळत नाही, हे सांगत नाही.
हार जरा लांबून घाला, एवढंच.

मग दुरुस्त्या.
अण्णांना कोट घाला, जन्मात घातला नाही त्यांनी.
आईचा तीळ काढा. नको, असू दे.
एकाने वडिलांची पंधरा वर्षं कमी करून घेतली,
म्हणाला, त्यानंतर आमचं बोलणं बंद होतं.

डोळे घारे की काळे, यावरून
माझ्या बाकड्यावर सख्खे भाऊ भांडलेत.
कान तर कुणीच पाहिलेले नसतात.
ते मी मनाने काढतो.
म्हणजे माझ्या बापाचे.
डेक्कनवरून खडकीपर्यंत, कॅरिअरवर बसून
लहानपणी रोज तेवढंच दिसायचं मला:
थंडीत लाल झालेल्या पाळ्या,
डाव्या कानामागे अडकवलेली पेन्सिल.
कोथरूडपासून हडपसरपर्यंत
कितीतरी परक्या भिंतींवर आज
ते कान चंदनाच्या हाराखाली आहेत.

गेल्या मार्गशीर्षात रणपिसे बाई आल्या.
दारूगोळा कारखान्याच्या सहलीचा फोटो,
सिंहगडावर सात माणसं, दह्याची मडकी.
‘हे आमचे. बाकीचे पुसा.
खांद्यावरचा हात तेवढा राहू द्या.’
कुणाचा?
‘विचारायचं राहिलं.’

चेहरा दीड दिवसात झाला.
हाताला सहा दिवस लागले.
अंगठ्याचं नख काळं पडलेलं,
घड्याळाचा पट्टा दोऱ्याने शिवलेला,
आणि बोटांचा दाब असा
की शर्टाला तिथे चुणी पडली होती.
ती चुणी मला जमेना.
दहावा हुकला. बाई काही बोलल्या नाहीत.

वर्षश्राद्धाच्या आधी त्या चित्र घेऊन आल्या, कागदात गुंडाळून.
‘आता वाळलं असेल का हो?’
वाळलंय म्हटलं.
मग त्यांनी त्या हातावर हात ठेवला,
नवऱ्याच्या चेहऱ्यावर नाही.
मी उगाच ब्रश धुवायला आत गेलो.
धुतलेलेच होते.

बापाचा फोटो आमच्याकडे एकही नाही.
बहीण परवा म्हणाली, सगळ्यांचे काढतोस,
त्यांचं एक काढ की.
कॅनव्हास ताणून ठेवलाय महिनाभर.
काढलं तर
पाठमोरंच काढावं लागेल,
आणि समोर, पुलाच्या चढावर,
ते बघत असायचे ते सगळं.