एक ओहम

शेवंतीकाकीची तक्रार साधी होती :
"हीटर म्हातारो झालो. पोळी सुकता सुकना नाय."
मेचा शेवटचा आठवडा, मिठबावावर आभाळ उतरलेलं,
गच्चीवरची ताटं घाईनं आत आलेली,
आणि पत्र्याच्या कपाटात आंब्याचा रस
तीन दिवस नुसता चिकट.

नवा हीटर आणायचा तर कणकवली,
म्हणजे अख्खा दिवस मोडणार, वर पैसे.
मी म्हटलं, आधी मोजू या.

खांबापाशी दोनशे अठ्ठावीस व्होल्ट.
कपाटाच्या प्लगपाशी दोनशे चार.
तारेला चिमटा लावला : सहा अँपिअर.
तीनच आकडे.
बाकीचं सगळं त्यांच्या पोटात असतं.

आयटीआयला पेडणेकर सर फळ्यावर त्रिकोण काढत,
वर व्होल्ट, खाली अँपिअर आणि ओहम शेजारी शेजारी,
आणि म्हणत, हवं ते अंगठ्यानं झाका,
उरलेले दोघं मिळून त्याचं नाव सांगतील.
सरांचा अंगठा कायम खडूनं पांढरा.

लाइटबिलाच्या पाठीवर मी तसाच त्रिकोण काढला,
ओहम झाकला.
दोनशे चार भागिले सहा : चौतीस.
दीड हजाराच्या हीटरचे साधारण एवढेच येतात.
हीटर तरणाताठा होता, काकी,
त्याला मिळत होते फक्त बाराशे चोवीस वॅट.

मग वाटेत सांडलेले चोवीस व्होल्ट.
भागिले सहा, चार ओहम.
गुणिले सहा, एकशे चव्वेचाळीस वॅट,
जे काकी दर महिन्याला भरते
आणि जे तिच्या घरी कधी पोचत नाहीत.

माडांमधून एकशे तीस मीटर येणारी तार,
तिचे तीन ओहम.
तिला काय बोलणार,
लांबच्या वाटेला बारीक माणसाला धाप लागतेच.
पण चौथा?

पडवीत फळीवर जोडाची लाकडी पेटी,
पेटीवर मांजर.
उठवलं तर फिस्कारलं.
"ता थयसरच निजता," काकी म्हणाली,
"चार वर्षां झाली. ऊब असता थंय."

मी तळवा ठेवला. ऊब होती.
दोन टोकं पेटीच्या अलीकडे-पलीकडे टेकवली :
सहा व्होल्ट. सहा अँपिअर.
मांजराचा एक ओहम, मांजराचे छत्तीस वॅट.

मेन बंद करून झाकण उघडलं.
तांब्याला अॅल्युमिनियम नुसतंच पिळलेलं,
आणि त्यावर खाऱ्या वाऱ्यानं
हिरवट पांढरी भुकटी धरलेली,
लोणच्याच्या बरणीच्या झाकणाला धरते तशी.
खरवडली, नवा कनेक्टर बसवला, ग्रीस भरलं.
अर्धा तास. त्यातला निम्मा
खाली पडलेला स्क्रू शोधण्यात.

पुन्हा मोजलं.
दोनशे साडेनऊ व्होल्ट,
सहा पूर्णांक सोळा अँपिअर :
बाराशे नव्वद.

देवगडच्या बाजारात तोंडी हिशेब करणारी बाई ती,
लगेच अडली.
"सहासष्ट वाढले. गेलेले तर छत्तीस म्हणालंस.
वरचे तीस खयसून इले?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.
बिलाच्या पाठीवरच्या त्रिकोणाकडे पाहत राहिलो,
मग म्हटलं, अडथळा निघाला ना काकी,
की वाहणारंच थोडं वाढतं.
नुसतं सांडलेलं परत येत नाही,
खांबच आता जास्त देतो.

"म्हणजे बिलपण वाढतला."
थोडंसं.
"पण पोळी सुकतली."
सुकेल.
"मग होऊ दे."

मांजर मात्र दोन रात्री पेटीवरच होतं.
वळून बसायचं, उठायचं, पुन्हा बसायचं,
कुणी अंथरुणाची चादर बदलल्यासारखं.
तिसऱ्या दिवशी मी पैसे घ्यायला गेलो
तेव्हा पोळी ताटापासून कडेनं सुटत होती,
आणि मांजर
कपाटाच्या डोक्यावर, चारी पाय पोटाशी,
बाराशे नव्वद वॅटवर डोळे मिटून.