अनोळखी नंबर

उचलावाच लागतो.
ब्लाउज टाकून गेलेल्या बायका
कधी नवऱ्याच्या फोनवरून करतात, कधी जावेच्या,
आणि लग्न उद्यावर आलेलं असतं.
म्हणून दातांत धरलेल्या टाचण्या काढते,
पायडल थांबवते,
हॅलो.

"ढमढेरे मॅडमशी बोलतेय का मी?"
मॅडम मला फक्त हेच लोक म्हणतात.
बाकी अख्ख्या धनकवडीत मी पिको-फॉलवाली,
नाहीतर नुसतंच, ओ मावशी.

मग पाच लाख.
सकाळी पाच लाख, दुपारी क्रेडिट कार्ड,
संध्याकाळी पानशेतच्या अलीकडे एक गुंठा,
गच्चीवरून धरणाचं पाणी दिसणार म्हणे,
गच्ची अजून कागदावर.
एकाने सांगितलं, तुमच्या गाडीचा विमा संपतोय.
माझी गाडी म्हणजे शिलाई मशीन, चौऱ्याण्णव सालचं,
काळं, सोनेरी वेलबुट्टी उडालेलं,
जन्मभर एकाच जागी धावलेलं.
म्हटलं, हिचा उतरवता का?
त्याने वरिष्ठांना विचारून सांगतो म्हटलं.

१९०९ ला मेसेज केला, भाच्याने करून दिला.
ब्लॉक केले एकशे बारा.
एकावर ओरडले तर
"आपला दिवस शुभ जावो" म्हणाला,
आणि इकडे शिवण तिरकी गेली
काखेपासून थेट कमरेपर्यंत.
उसवायला पाऊण तास.
तो पाऊण तास कुठल्या खात्यात जमा करायचा
हे मात्र कुणी फोन करून सांगत नाही.

मग एका बुधवारी एक मुलगी.
ऋतिका बोलतेय, म्हणाली.
"कुठून गं?"
"हेड ऑफिस मॅम, मुंबई."
तेवढ्यात खिडकीखाली भंगारवाला आला,
भोंग्यावर तेच ते रेकॉर्ड,
जुने फ्रिज, जुने टीव्ही, रद्दी, बाटल्याऽऽ
आणि तोच फोनमधूनही आला.
एका कानात बाटल्या, दुसऱ्या कानात बाटल्या,
मधे एखाद्या टाक्याएवढं अंतर.
"मुंबईला कधी पोचला गं आमचा भंगारवाला?"
तिकडे नुसता श्वास.
मागे वीसेक आवाज, सगळे नमस्कार करणारे.
मग अगदी हळू, लोनच्या आवाजात नाही,
सर्दी झालेल्या पोरीच्या आवाजात,
"तुम्ही कुठे राहता?"

मी फोन ठेवून दिला.
का, ते अजून कळलेलं नाही.

समोरच्या बिल्डिंगचा तिसरा मजला,
क्लासच्या वर, निळ्या काचा.
इतकी वर्षं वाटायचं, तिथे शेअर मार्केट शिकवतात.
आता दीड वाजता बघते
तर पोरी डबे घेऊन जिन्यात येतात
आणि जेवताना एकमेकींशी एक अक्षर बोलत नाहीत.

शनिवारी एक खाली आली.
कुर्ता बाजूने आवळायचाय, गावी जायचंय,
जेजुरीच्या पुढे.
नाकातला तोच आवाज.
मी काही बोलले नाही. टेप लावला.
कानामागे हेडफोनचा लाल वळ,
चष्म्याचा पडतो तसा, पण जास्त खोल.
आधीच्या बाईची एक शिवण अर्धी होती, ती पुरी करायला
मशीन चालवलं, तशी ती दचकली.
ही टकटक तिने ऐकलेली असणार,
पाच लाखांच्या मधल्या फटीतून.

वही उघडली.
"नाव?"
"उज्ज्वला भोंडवे."
"नंबर सांग, झाला की फोन करते."

ती जिन्याकडे बघायला लागली.
ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.
"नंबर नको मावशी,
मीच येऊन बघून जाईन.
एकदा दिला ना,
की लोक फार फोन करतात."

वहीत नंबराच्या रकान्यात मी लिहिलं,
समोर, तिसरा मजला.