तेरा

अन्नपूर्णा रोडवरचं मॅरेज गार्डन.
आदल्या रात्रीच्या लग्नाचे झेंडू अजून कनातीला लोंबत होते
आणि मधोमध रिंग,
कोपऱ्याकोपऱ्यात शेवेच्या शेठचं नाव.
मी टाइमकीपर. बत्तीस वर्षं सहकारी बँकेत कॅश सांभाळली,
म्हणून बोलावतात.
पुढ्यात घंटा, स्टॉपवॉच, लाकडी हातोडी.

नियम साधा आहे.
कुणी पडला की मी दर सेकंदाला फळीवर ठोका द्यायचा,
पंचानं माझ्याकडून आकडा घ्यायचा आणि पुढे न्यायचा,
जसं एका काउंटरवरून दुसऱ्यावर बंडल जातं,
पुन्हा पहिल्या नोटेपासून मोजत बसायचं नसतं.

सहावी फेरी.
भूषण तांबट खाली गेला. आपला, जुन्या इंदूरचा.
आयझॉलच्या मावियाचा डावा हात,
इतका आखूड की मागच्या रांगांना दिसलाच नाही.

एक. दोन.
पंच सोढी बोट दाखवत होता, कोपऱ्यात जा, कोपऱ्यात,
माविया वळला, गोंधळला, भलत्याच कोपऱ्याकडे निघाला.
तीन. चार.
मग सोढी गुडघ्यावर बसला
आणि म्हणाला, वन.

हातोडी क्षणभर हवेत राहिली.
मग मी पाच ठोकला.

मी भाजी हिंदीत घेतो, भांडतो हिंदीत,
झोपेतही हिंदीच बरळतो असं बायको म्हणते.
पण नोटा मराठीत मोजतो, ओठ न हलवता.
त्या रात्री एकाच फळीवर दोन वह्या चालल्या.
गर्दी ओरडत होती, उठ भिया, उठ.
दहा, मी ठोकलं.
सोढी म्हणाला, सिक्स.
भूषणचा एक ग्लोव्ह तेव्हा कुठे कॅनव्हासवर सरकला.
सोढीच्या नाइनला तो उभा होता.

आठव्या फेरीत माविया पडला.
त्याला मात्र माझ्यापासूनच मोजलं, वेळेवर,
दहाच्या दहा.
ढोल वाजले.

फॉर्मवर एक रकाना असतो:
पडल्यापासून उठेपर्यंत, सेकंद.
मी लिहिलं, तेरा. अक्षरात. चेकवर लिहितात तसं.
आयोजकाचा भाचा खांद्यावरून वाकला.
नऊ लिखो ना काका.
मग आवाज खाली आणून,
तेरा क्या जा रिया है इसमें?

बँकेत चार रुपये कमी भरले
तर खिशातून घालून घरी जायचो.
हे चार सेकंद कुणाच्या खिशातले?
मी सही केली. निकाल तोच राहिला.
फॉर्म कुठल्या फायलीत गेला, विचारलं नाही.
कोपऱ्यावरचा पोहेवाला तेव्हापासून मला जीरावण विचारत नाही,
न विचारताच टाकतो, जरा जास्त.

तिसऱ्या दिवशी सकाळी भूषण आला.
डोळा जांभळा, हातात पोह्यांचा पुडा.
ओट्यावर बसला.
काका, खरं सांगा, किती?
तेरा.
त्यानं मान हलवली, जसा कुणी भाव ऐकून हलवतो.
मग म्हणाला,
मला सोढी ऐकूच आला नाही हो.
फक्त तुमची हातोडी. ठक, ठक.
वाटलं, बाबांच्या दुकानात निजलोय,
ते परातीला ठोके घालून राहिलेत,
शेवटचा ठोका झाला की उठवतीलच.
म्हणून घाई केली नाही.

मी काही बोललो नाही.
माविया कुठे उतरलाय, त्यानं विचारलं.
गेला, म्हटलं. दुसऱ्याच दिवशी पहाटे.

गल्लीच्या तोंडाशी कचरागाडी वाजू लागली.
भूषण उठला, पुडा चुरगाळला.
त्याचाच फोटो होता त्या कागदावर, हात वर केलेला,
तेलानं आरपार झालेला.
गाडीवरच्या मुलानं दोन्ही डबे पुढे केले
आणि विचारलं, गीला के सूखा?
भूषण माझ्याकडे बघत राहिला.