दाढ

रुआरीचं घर आर्ब्रोथच्या वरच्या अंगाला,
समुद्राकडे पाठ करून.
सहा खोल्या, सहा जण, एक स्वयंपाकघर.
त्याच्या दाराला आकड्यांचं कुलूप.
आकडे रुआरीला पाठ आहेत.
तो दाबत नाही. दुसऱ्या कुणी दाबले
की ओठांतल्या ओठांत मोजतो.

दाराशी वही असते:
किती वाजता आलात, गाडीचा नंबर, कुणाला भेटायचंय.
नात्याच्या रकान्यात मी ‘बहीण’ लिहिते.
नऊ वर्षं लिहितेय,
तरी नवा कुणीतरी विचारतोच, ‘सख्खी?’

माझा भाऊ एकेचाळीसचा.
बोलत नाही; म्हणजे शब्दांनी नाही.
वॉशिंग मशीनच्या शेवटच्या गरगरीआधी
एक थांबणं असतं ना,
ते त्याला आवडतं.
तेवढा वेळ तो श्वास धरून बसतो,
आणि शेजारी मीही.

मागच्या हिवाळ्यात तो भिंतीवर डोकं आपटू लागला.
दुसरी एक वही आहे, जाड, निळ्या पुठ्ठ्याची.
तिच्यात सुवाच्य अक्षरात:
मंगळवार. वर्तन. पंचवीस मिनिटं.
बुधवार. वर्तन. कारण काही नाही.
शुक्रवार. वर्तन. जेवण नाकारलं. गोळी वाढवली.
मी मोजल्या. त्रेसष्ट नोंदी.
एकाही नोंदीत तोंड नव्हतं.

सेंगा रात्रपाळीची.
त्याआधी मासळीला धुरी देण्याच्या शेडमध्ये अकरा वर्षं;
म्हणायची, हाताचा वास जात नाही,
पण रुआरीला चालतो.
तिनं पाहिलं: आपटतो ती डावीच बाजू.
टोस्ट उजव्या गालात धरतो.
दुधाचा गार डबा उशीखाली नेतो.
मग ती त्याच्यासमोर फरशीवर बसली,
स्वतःचा जबडा वासला,
स्वतःच्या तोंडात टॉर्च मारला
आणि त्याला बघू दिलं,
चांदी भरलेले दात, एक खिंडार, सगळं.
चाळीस मिनिटं. मान अवघडली तिची.
मग त्यानं उघडलं.

शेवटची दाढ काळीठिक्कर.
पहाटे तीन वीसला तिनं डॉक्टरला उठवलं.
डॉक्टर काय म्हणाला ते
मला सांगताना तिनं थोडं गाळलं.

मार्चमध्ये तपासनीस बाई आल्या.
आगीचे दरवाजे मोजले, औषधांच्या तारखा वाचल्या.
रुआरीपुढे हसऱ्या-रडव्या चेहऱ्यांची कार्डं ठेवली:
इथं कसं वाटतं?
त्यानं ती कडा जुळवून गठ्ठा केली
आणि परत दिली.
शेरा आला, ‘चांगलं’. चौकटीत घालून टांगलाय.
त्यात खोटं काही नाही.
आगीचे दरवाजे खरंच नीट लागतात.

मे महिन्यात सेंगा गेली.
डंडीबाहेरचं गोदाम, तासाला दीड पौंड जास्त.
तिला कोणत्या तोंडानं थांब म्हणणार?
मी केक नेला. तिनं भावाच्या फायलीत
एक कागद लावला: आधी डावा गाल बघा.
तो आता कुठे आहे, ठाऊक नाही.
नव्या फायली संगणकावर आहेत.

काळजी घेणारे
आठ-आठ तासांनी बदलतात.
काळजी करणारीला
बदली मिळत नाही.
शब्द एकच, आणि मधे हे एवढं क्रियापद.
रात्री फोन वाजला की
मी आधी घड्याळ बघते, मग नंबर.

आता एजन्सी रोज वेगळं माणूस धाडते.
छातीवर कागदी नाव, पेननं लिहिलेलं.
रुआरी दाराशीच उभा असतो.
त्यांनी जाकीट काढायच्या आत
तो जवळ जातो,
मान मागे टाकतो
आणि तोंड पूर्ण उघडतो.

मागच्या रविवारी त्या पोराच्या खांद्यावरून
मी पडद्यावरची नोंद वाचली:
अनोळखी व्यक्तीसमोर तोंड उघडतो.
वर्तन.
दोन मिनिटं.